किड्यांची भीती घालून विकलेली बाटली

समुद्री टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, रात्री टॉर्च मारली की दगडांच्या फटींतून गुलाबी-तपकिरी, दोन्ही अंगांना केस असलेले किडे बाहेर आलेले दिसतात. नवख्या माणसाला ते पाहून धडकी भरते, आणि नेमक्या त्या भीतीवर धंदा करणारे लोक आपल्याकडे घरोघर फिरताहेत. म्हणून हे लिहितोय.

ठाण्यात आमच्या टँकच्या देखभालीला येणाऱ्या माणसाने ते किडे बघून छातीठोकपणे सांगितलं, "हे फायरवर्म. महिन्याभरात सगळं कोरल (प्रवाळ) फस्त करतील." काचेवरचे टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे गोल ठिपके म्हणे त्यांची अंडी! मग पिशवीतून बाटली काढली. लेबल नाही, नाव नाही. बाहेरचा माल आहे, एवढंच उत्तर. साडेचार हजार रुपये घेऊन त्याने ते औषध स्वतःच्या हाताने टँकमध्ये ओतलं.

सकाळी क्लीनर श्रिंप (एक प्रकारची कोळंबी) आणि गोगलगायी मेलेल्या होत्या. झोआ (फुलासारखे उघडणारे कोरलसारखे जीव) मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. दगडांच्या आत मेलेले किडे सडू लागले, अमोनिया चढला आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. एका मित्राने टेस्ट किट आणून पाणी तपासलं, त्यात तांबं निघालं. तांब्याचं औषध माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर देतात, तेही वेगळ्या टाकीत. कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना ते विषच. शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडत राहतात.

ज्यांना त्याने फायरवर्म म्हटलं ते साधे ब्रिसलवर्म होते. उरलंसुरलं खाद्य आणि मेलेलं मांस खाऊन ते टँक साफच ठेवतात. त्यांची संख्या वाढली तर खाद्य जास्त पडतंय एवढाच त्याचा अर्थ. ते कमी केलं की किडेही कमी होतात. केस बोटात घुसतात, म्हणून हातमोजे घालावेत. खरा कोरल खाणारा फायरवर्म जाडजूड असतो, केसांचे पांढरे झुबके आणि त्यांच्या मुळाशी लालसर कल्ले असतात. काचेवरची ती 'अंडी' म्हणजे स्पायरॉर्बिड, स्वतःभोवती चुन्याची वेटोळी नळी बांधून पाणी गाळून खाणारे निरुपद्रवी जीव. दगडावरच्या कडक नळीतून चिकट जाळं सोडणारा तर किडा नसतोच, ती व्हर्मेटिड नावाची गोगलगाय. एक चांगला क्लोज-अप फोटो काढून जाणत्या माणसाला दाखवला तर हे सगळं ओळखता येतं.

टँक मेल्यावर तोच माणूस नवीन लाइव्ह रॉक (समुद्रातले जीव वस्तीला असलेला दगड) घेऊन दारात आला. 'रामेश्वरकडचा, एकदम ताजा.' दगडावर कडक प्रवाळाचे सांगाडे स्पष्ट दिसत होते. असं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो गुन्हा आमच्या घरात आणून वर त्याचे पैसे मागत होता! कागदपत्रं मागितली तेव्हा माल उचलून निघून गेला. औषधाचे पैसे परत मागितल्यापासून फोन उचलत नाही.

तुमच्याकडे कुणी असं औषध घेऊन आलं, तर बाटलीवरचं नाव आणि घटक वाचल्याशिवाय एक थेंबही टँकमध्ये पडू देऊ नका. कोळंबी आणि गोगलगायींना ते चालतं का, हे त्याच्याकडून लिहून घ्या.