बुडालेल्या समाजमाध्यमांकडून शिकवणारा वर्ग : सोलापूरच्या व्यापाऱ्यांसाठी एक अभिप्राय

नवी पेठेत भरणाऱ्या, समाजमाध्यमांवरील जाहिरातीच्या या एकदिवसीय प्रशिक्षणवर्गाला चादर-टॉवेलच्या धंद्यातील मंडळींनी अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरातीच्या क्लृप्त्यांआधी येथे जुनी समाजमाध्यमे का बुडाली, हे शिकवतात. न्यूज कॉर्प या माध्यमकंपनीने २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला घेतलेले मायस्पेस हे समाजमाध्यम २०११ मध्ये जेमतेम साडेतीन कोटी डॉलरला विकले गेले. भारतीय तरुणांचे लाडके ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. आणि जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी येताच, ज्या व्यापाऱ्यांनी ग्राहकांचे नंबर वेगळे नोंदवले नव्हते, त्यांचा संपर्कच तुटला.

सर्वांत मोलाचे विवेचन फेसबुकविषयीचे होते. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले, त्यामुळे दुकानांच्या पानांची फुकटची पोहोच आटली आणि पूर्वी सहज दिसणाऱ्या मजकुरासाठी पैसे मोजणे भाग पडले. माध्यम ही भाड्याची जागा आहे, हे इतक्या स्पष्टपणे मला आजवर कोणी समजावले नव्हते. म्हणूनच बिल करतानाच ग्राहकाच्या संमतीने त्याचा नंबर नोंदवावा आणि चादरींची मूळ छायाचित्रे स्वतःकडे जपावीत, हा प्रशिक्षकांचा आग्रह मला पूर्ण पटला. मायस्पेसवरील २०१५ पर्यंतची असंख्य गाणी आणि छायाचित्रे सर्व्हर बदलताना कायमची गेली, हे विसरून चालणार नाही.

इन्स्टाग्रामवरील जाहिरातीचे प्रात्यक्षिक मात्र घाईत उरकले गेले; त्यासाठी स्वतंत्र सत्र हवे.