घाशीराम की बाइंडर? वाचनगटासाठी एक वादग्रस्त पुस्तक निवडताना

वाचनगटात "या वेळी बंदी आलेलं काहीतरी वाचू या" असा विषय निघाला की मराठीत गाडी फिरून फिरून नाटककार विजय तेंडुलकरांपाशीच येते. त्यात नवल नाही, कारण 1970 ते 1972 एवढ्याशा काळात या एका माणसाची तीन नाटकं रंगमंचावर आली आणि तिन्हींवरून रान उठलं. गिधाडे, सखाराम बाइंडर आणि घाशीराम कोतवाल. शेवटी बहुतेक गटांची चर्चा यातल्या शेवटच्या दोघांवर येऊन अडते. आम्ही दोन्ही वाचलीत, आधी घाशीराम आणि मग बाइंडर, त्यामुळे जे ठरवायला बसलेत त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. नाटकं कशाबद्दल आहेत ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. आणि यातलं थोर कुठलं हा माझा प्रश्न नाही, दोन्ही थोरच आहेत. दहा-बारा माणसं एका खोलीत बसून वाचणार, मग बोलणार, तर त्या बोलण्यात नाटक कुठलं टिकतं, एवढंच मी बघितलं.

बाकीचे पर्याय आधी बाजूला करतो. गिधाडे घ्यावं असं आमच्यातल्या दोघांचं फार मनात होतं. त्याची अडचण अशी की त्याच्या सेन्सॉरची गोष्टच इतकी गाजलेली आहे की नाटक तिच्या मागे पडतं. साडीवरच्या लाल डागाला आक्षेप, मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा निळा डाग लाल समजा. हा किस्सा एकाने सांगितला की सगळे हसतात, सेन्सॉरवाल्यांना नावं ठेवतात आणि विषय संपल्यासारखा होतो. शिवाय नाटक सलग इतकं काळंकुट्ट आहे की मोठ्याने वाचताना माणसं दमतात.

वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता सुद्धा यादीत होती. छोटी आहे, एका बैठकीत दोनदा वाचून होते. 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका मुखपत्रात ती छापून आली आणि त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, जो 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात पोचला. तिथे छापणाऱ्याने आधीच माफी मागितलेली असल्यामुळे तो सुटला, कवीला मात्र खटल्यातून मोकळीक मिळाली नाही. ही माहिती कळली की कवितेवर कोण बोलणार, सगळे कायद्यावरच बोलतात. ज्या गटात वकील असतील त्यांनी जरूर घ्यावी. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा म्हणजे 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकातली, अश्लीलतेच्या खटल्यात हायकोर्टात दोषी आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टात निर्दोष ठरलेली. तिचं नाव निघालं आणि मागे पडलं, कारण सगळ्यांच्या हातात एकेक प्रत असल्याशिवाय वाचनगटात मजा नाही आणि इथे तिथवर पोचताच आलं नाही.

तर आता घाशीराम.

घाशीरामच्या बाजूने बोलायला खूप आहे. पहिलं म्हणजे त्याच्यावर सरकारी बंदी आलीच नाही, आणि मला तर ही गोष्ट बंदीपेक्षा जास्त विचार करायला लावणारी वाटते. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, थोडे प्रयोग झाले, आणि मग ज्या संस्थेने नाटक उभं केलं त्या पीडीएनेच, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननेच, ते थांबवलं. मग दिग्दर्शक जब्बार पटेल आणि ती सगळी मंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली, आणि 1974 पासून नाटक पुन्हा उभं राहिलं. पुढे 1980 मध्ये युरोपला न्यायचं ठरलं तेव्हा पुन्हा गदारोळ. म्हणजे नाटक कोण अडवतं, सरकार, झुंड, की आपलीच माणसं, ही चर्चा यातून सहज निघते. वाचायला सुद्धा ते लहान आहे, एका बसणीत होतं. पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याला मुलगी देऊन पुण्याची कोतवाली घेणारा बाप घाशीराम आणि गरज संपली की घाशीरामला गर्दीच्या हवाली करणारा नाना, हे काय आहे ते समजायला कुणालाही वेळ लागत नाही.

मग अडलं कुठे? पहिली थोडी अडचण कागदाची. घाशीराम कागदावर अर्धंच असतं. ती बारा बामणांची रांग, जी झुलते, भिंत होते, पडदा होते, पाठ फिरवते आणि मागे काय चाललंय ते झाकते, तीच त्या नाटकाचा कणा आहे, आणि पुस्तकात ती कंसातल्या सूचनांमध्ये उरते. भास्कर चंदावरकरांचं संगीत नाही, कीर्तनाचा ठेका नाही. आमच्यात ज्यांनी प्रयोग बघितलेला होता ते डोळे मिटून आठवत बोलायचे, नानाच्या कामात मोहन आगाशे असे वळायचे, तसे चालायचे, आणि ज्यांनी नव्हता बघितला ते गप्प. पण हे निभावलं असतं, रेकॉर्डिंगचा एखादा तुकडा दाखवून भागवता येतं.

खरा वैताग वेगळाच, आणि माझ्यापुरता निकाल त्यानेच लावला. घाशीरामवर पुस्तक न वाचता बोलता येतं. नुसतं बोलता येतं असं नाही, तासभर बोलता येतं, आणि चांगलं बोलता येतं. कारण पेशवाई, नाना फडणवीस, ब्राह्मण-ब्राह्मणेतर या विषयांवर मत नसलेला मराठी माणूस शोधावा लागेल. ज्यांनी रात्रभर जागून नाटक वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या, ते बिचारे पान उघडून बसलेले आणि ज्यांनी मुखपृष्ठापलीकडे काही बघितलं नव्हतं ते सभेत बोलावं तसं बोलतायत. नाना खरंच असा होता का, 1791 मध्ये पुण्यात लोकांनी घाशीरामला दगडांनी मारलं ते कशावरून, मग मोबाइल बाहेर येतात, कुणी बखरीचं नाव घेतो, कुणी आजोबांकडून ऐकलेलं सांगतो. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे, तेही एका बाईंनी वाचून दाखवलं, दोन मिनिटं सगळे ओशाळले आणि परत शनिवारवाड्यावर. गौरीबद्दल, म्हणजे ज्या पोरीला बापाने सौद्यात घातलं तिच्याबद्दल, त्या संध्याकाळी कुणी धड एक वाक्य बोललं नाही. मला ते फार लागलं. ज्या नाटकात ती मुलगी पुसली जाते ते नाटक वाचून आम्ही पण तिला पुसून घरी गेलो.

हा दोष नाटकाचा नाही, कबूल. वेगळ्या गटात वेगळं होईल कदाचित, जिथे इतिहासाचे अभ्यासक आहेत किंवा उलट ज्यांना पेशवाईचं काहीच देणंघेणं नाही असे लोक आहेत तिथे घाशीराम उत्तम चालेल. पण वाचून येणारा आणि न वाचता येणारा यांच्यात ज्या पुस्तकाने काही फरकच पडत नाही, ते पुस्तक वाचनगटासाठी घ्यायचं कशाला, असं मला वाटायला लागलं.

बाइंडरच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. न वाचलेली माणसं तिथेही होतीच, आणि त्यांचीही मतं तयार होती, की अश्लील आहे, शिव्या आहेत, स्टेजवर बाई साडी बदलते, 1972 मध्ये परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, अडवलं होतं, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात लढले आणि जिंकले, निळू फुले सखारामचं काय काम करायचे. हे सगळं पहिल्या पंधरा मिनिटांत बोलून संपतं. आणि मग त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही, कारण नाटक त्या गोष्टीत नाहीच आहे. नाटक लक्ष्मीत आहे, म्हणजे नवऱ्याने टाकलेली जी बाई पुस्तकं बांधणारा सखाराम घरात आणून ठेवतो, तिच्यात.

आम्ही प्रवेश वाटून घेतले होते, एकेकाने एकेक पात्र मोठ्याने वाचायचं. पहिल्या अंकात लक्ष्मी एका मुंगळ्याशी बोलते, घरात कुणी नसताना, लाडाने, हसून, लहान मुलाशी बोलावं तसं. ज्या बाई ती वाचत होत्या त्यांनी ते इतकं साधं वाचलं की खोलीतला प्रत्येक जण लक्ष्मीच्या बाजूचा झाला. पुढे गणपतीची आरती येते, सखारामचा मित्र दाऊद आरती म्हणायला लागतो आणि हीच लक्ष्मी म्हणते की मुसलमानाने आरती म्हणायची नाही. आणि सखाराम, ज्याला आपण अर्धा तास नावं ठेवतोय, तो दाऊदच्या बाजूने उभा राहतो, पण उभा राहतो तो लक्ष्मीला पट्ट्याने झोडपून. आता बोला. इथे न वाचलेल्या माणसाला काही बोलताच येत नाही. आणि वाचलेल्याला सुद्धा कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते कळत नाही, पाच मिनिटांपूर्वीचं स्वतःचं मत स्वतःच खोडावं लागतं. आमच्यातल्या एका नवरा-बायकोचं यावरून जे जुंपलं ते घरी जाईपर्यंत चालू होतं म्हणे.

तिसऱ्या अंकात तर विचारू नका. चंपा, म्हणजे लक्ष्मीनंतर सखारामने घरात आणलेली बाई, जिला सगळ्यांनी ऐकीव माहितीवर बाजारबसवी ठरवून ठेवलं होतं, ती लक्ष्मीला घरात ठेवून घेते. सखाराम नको म्हणत असताना ठेवून घेते. आणि ती देवभोळी, गरीब लक्ष्मी तिचा जीव जायला कारण होते, आणि वर प्रेत पुरायच्या वेळी तिचाच हात सगळ्यात स्थिर असतो. कायदा आणि सेन्सॉर आणि इतिहास यातलं काही इथे मदतीला येत नाही, पान उघडून वाक्य दाखवावं लागतं की हे बघा ती इथे असं म्हणते. आमच्याकडे तेच झालं, बोट ठेवून भांडणं झाली. वाचनगटाकडून मला याहून जास्त काही नको असतं.

आणि एक प्रकार सांगायलाच हवा. सखारामच्या शिव्या. जे गृहस्थ सखाराम वाचत होते, वयाने ज्येष्ठ आणि अतिशय सज्जन माणूस, ते शिवी आली की थांबायचे आणि "टिंब टिंब" म्हणून पुढे जायचे. सुरुवातीला कुणी काही म्हणालं नाही. मग एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, काका, मंडळाने पण हेच सांगितलं होतं ना? यावर अर्धा तास झाला आणि तो त्या दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास होता. काकांचं म्हणणं असं की माझ्या तोंडून नको, पुस्तकात राहू दे, मी पुस्तकातून काढा म्हणत नाहीये. मुलगी म्हणाली, पण मग आम्हाला ऐकू येतो तो सखाराम तुमचा आहे, तेंडुलकरांचा नाही. दोघांचंही पटण्यासारखं होतं. बंदी या विषयावर मी पुष्कळ भाषणं ऐकलीत, पण ती आपल्याच जिभेवर कशी येते हे तिथे बसून बघितलं ते वेगळंच. घाशीराम वाचताना हे झालं नसतं असं वाटतं, कारण तिथे नाटक अडवणारे सगळे बाहेरचेच असतात, निदान तसं समजून बोलता येतं.

आता बाइंडरच्या विरुद्ध काय आहे तेही लपवत नाही. मारहाण आहे, जबरदस्ती आहे आणि ती वाचताना अंगावर येते. गटात कुणाच्या घरात असं काही घडलेलं असू शकतं आणि ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून आधीच सगळ्यांना सांगून ठेवा की यात काय काय आहे, आणि ज्याला नको असेल त्याने त्या महिन्यात येऊ नये, कारण विचारू नये. दुसरं म्हणजे गटात फक्त पुरुष असतील तर माझं मत आहे की घेऊ नका. लक्ष्मी आणि चंपा बायकांच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत तर नाटक सखारामचं होऊन बसतं आणि मग सगळं वाचन वाया. तिसरं, लहान मुलं आसपास खेळतायत अशा घरात बैठक ठेवू नका, हे सांगायला नको पण सांगतो.

तुमचा गट नवा असेल, माणसं एकमेकांना अजून अहो-जाहो करत असतील, तर घाशीराम जास्त सोपं पडेल, त्यात कुणाला स्वतःबद्दल काही बोलावं लागत नाही. गट जुना असेल आणि गेल्या वर्षभरात दोन-चार माणसं न वाचता येऊन जास्त बोलतायत असा तुमचाही अनुभव असेल तर मी बाइंडरकडे झुकेन. दोन्ही घ्यायची असतील तर बाइंडर आधी, म्हणजे पान उघडून बोलायची सवय लागते आणि मग घाशीरामच्या वेळी गौरीला कुणीतरी वाली भेटेल.

कमलाकर सारंगांचं 'बाइंडरचे दिवस' मिळालं तर चर्चा झाल्यावर वाटा, आधी नाही. आधी वाटलं की लोक ते वाचून येतात, कारण ते रंजक आहे, आणि नाटक राहून जातं. पहिले दोन अंक घरी वाचायला सांगितले तरी चालतील, तिसरा मात्र बैठकीतच वाचा, आणि लक्ष्मीचं काम अशा कुणाला द्या की जी एरवी फारसं बोलत नाही. शिव्यांचं काय करायचं ते आधी ठरवू नका, वाचणाऱ्यावर सोडा.