बुडबुडा की वायर? पाणतिराचा विषय निवडताना

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास मेकॅनिकल किंवा नेव्हल आर्किटेक्चरची एक-दोन मुलं एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. एम.टेक.च्या प्रोजेक्टला पाणतीर तर घ्यायचा आहे, पण कुठला? सोव्हिएत श्क्वालसारखा, स्वतःभोवती बुडबुडा करून त्यातून सुसाट धावणारा? की पन्नास नॉटच्या (ताशी सुमारे ९३ किलोमीटर) आसपास चालणारा, सूचना घेण्यासाठी वायरनं पाणबुडीशी जोडलेला आणि कानानं, म्हणजे आवाजावरून, लक्ष्य शोधणारा? वीस वर्षांपूर्वी मी याच पेचात होतो. आधी बुडबुडा घेतला, आठ महिने त्यात घातले आणि मग बाजू बदलली. तेव्हा माझं मत अगदी तटस्थ आहे असं म्हणत नाही, पण दोन्हीकडे हात भिजवले आहेत.

बुडबुड्याची ओढ खरी आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. त्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, आणि या हिशेबापुढे सगळ्यांचेच हात टेकले. ब्रिटिशांनी आपल्या स्पिअरफिश पाणतिराला गॅस टर्बाइन बसवून ८० नॉटपर्यंतचा आकडा सांगितला, पण त्यासाठी इंधनासोबत लागणारा वेगळा ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) पुढच्या आवृत्तीत सुरक्षिततेसाठी काढून टाकला. सोव्हिएत संशोधकांनी वेगळी वाट धरली. पाणी कापत बसायचंच नाही, त्याला अंगाला शिवू द्यायचं नाही. नाकावर एक चकती, तिच्या मागे वायू सोडून पोकळी फुगवायची आणि अख्खा पाणतीर रॉकेटच्या जोरावर त्या पोकळीतून पळवायचा. कीव्हच्या हायड्रोमेकॅनिक्स संस्थेत लोग्विनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बुडबुड्याचं गणित बसवलं आणि १९७७ मध्ये श्क्वाल सोव्हिएत नौदलात दाखल झाला. वेग सुमारे २०० नॉट, म्हणजे ताशी ३७० किलोमीटर.

पाण्याच्या बोगद्यात, म्हणजे पंपानं वेगानं पाणी फिरवायच्या प्रयोगशाळेतल्या नळीत, तो बुडबुडा मी पहिल्यांदा पाहिला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. काचेच्या खिडकीआड अंगठ्याएवढं पितळी मॉडेल. पंपाचा वेग वाढवत नेला तशी चकतीच्या कडेला आधी पांढरी फेसाळ किनार आली. ती हळूहळू मागे सरकली, आणि मग एकाएकी फेस निवळून मॉडेलभोवती काचेच्या नळीसारखी स्वच्छ पोकळी उभी राहिली. चहूबाजूंनी पाणी धो धो वाहतंय आणि मधलं मॉडेल कोरडं! त्या दुपारी मी जेवायलाही गेलो नाही. तुम्हाला या विषयाची भूल पडली असेल तर ती मला पुरेपूर समजते.

युद्धाच्या बाजूनंही या वेगाचं मोल आहे. लक्ष्य दहा किलोमीटरवर असेल तर पन्नास नॉटच्या पाणतिराला साडेसहा मिनिटं लागतात, श्क्वालला जेमतेम शंभर सेकंद. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या नौदलाकडे 'मारीच' नावाची पाणतीरविरोधी यंत्रणा आहे. तिच्यातला एक भाग जहाजाच्या मागे ओढत न्यायचा फसवा असतो, तो जहाजासारखा आवाज काढून पाणतिराला आपल्याकडे ओढतो. नाव किती चपखल आहे पाहा. रामाच्या आवाजातली हाक कानावर पडली म्हणूनच सीतेनं लक्ष्मणाला धाडलं. श्क्वालला मुळात ऐकूच येत नाही, त्यामुळे कुठलाही मारीच त्याला वाट चुकवू शकत नाही.

आणि हेच, ऐकू न येणं, मला त्या विषयापासून दूर घेऊन गेलं.

माझं काम साधं दिसत होतं. चकतीच्या मागे एक छोटा हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, बसवायचा, बोगद्यात पुढच्या बाजूला ठरावीक सुराचा आवाज सोडायचा आणि बुडबुड्यात असताना मॉडेलला तो ऐकू येतो का ते पाहायचं. बुडबुडा नसताना तो सूर पडद्यावर एका बारीक उभ्या रेषेसारखा स्पष्ट दिसायचा. प्रवाह वाढवला तरी नीट पाहिलं की सापडायचा. पण पोकळी उभी राहिली की अख्खा पडदा भरून जायचा. हेडफोन लावला तर लोखंडी पाइपातून खडी ओतल्यासारखा खडखडाट. हायड्रोफोन मागे ठेवला तर त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये वायूचा थर. चकतीवर आणला, कारण पाण्याला धरून असलेला भाग तेवढाच, तर पाण्याचा सगळा मार त्याच्याच तोंडावर. वर मॉडेलची शेपूट अधूनमधून पोकळीच्या भिंतीला थडकायची आणि तिचा दणका वेगळाच. गाळण्या लावल्या, सरासऱ्या काढल्या, चार महिने गेले. वहीत तारखा बदलत राहिल्या आणि शेरा तोच: 'सिग्नल नाही'. शेवटी आमचे सर म्हणाले, "अरे, एसटीच्या बॉनेटवर बसून शेवटच्या सीटवरची कुजबुज ऐकायला निघालायस तू."

अंगठ्याएवढ्या मॉडेलवरून आठ मीटर लांबीच्या पाणतिराबद्दल ठाम बोलू नये, हे मान्य. जर्मनांनी 'बाराकुडा' नावाचा प्रायोगिक पाणतीर केला होता. त्याच्या टोकदार नाकात दिशा ओळखण्याची सोय असल्याचं सांगितलं गेलं. पण तो प्रात्यक्षिकापुढे गेला नाही, सेवेत आला नाही. इराणनं २००६ मध्ये 'हूत' चाचणी करून दाखवला, तोही श्क्वालच्याच वळणाचा. इतक्या वर्षांत या वाटेवर इतके थोडे लोक टिकले, याचं मोठं कारण मला तरी हा बहिरेपणाच वाटतो.

त्याचा परिणाम कागदावर मांडून बघा. श्क्वालला दहा किलोमीटर तोडायला लागणाऱ्या शंभर सेकंदांत २५ नॉटनं चाललेली विनाशिका सव्वा किलोमीटरहून पुढे जाते. पाणतीर सुटल्याचं कळताच तिनं ३० अंशांचं वळण घेतलं, तर वळायला लागणारा वेळ सोडूनही ती अपेक्षित जागेपासून काही शे मीटर बाजूला असेल. श्क्वाल सरळ रेषेत त्याच जागी जाणार, त्याला काही कळणार नाही. सुमारे २०० किलोचा साधा स्फोटक भार तिथून काय करणार? सुरुवातीला श्क्वालवर अण्वस्त्र होतं, त्यामागचा हिशेब इथे लक्षात येतो. नेमाची कसर स्फोटानं भरून काढायची होती.

आता वायरच्या बाजूची दुखणी. तीही कमी नाहीत. वायर तुटते. फॉकलंडच्या लढाईत १ मे १९८२ ला अर्जेंटिनाच्या सान लुईस पाणबुडीनं जर्मन बनावटीचा एसएसटी-४ पाणतीर सोडला आणि त्याची वायर तुटली, हल्ला वाया गेला. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश पाणबुडी काँकररनं अर्जेंटिनाची युद्धनौका जनरल बेल्ग्रानो बुडवली, ३२३ माणसं गेली. काँकररवर वायरवाले नवे टायगरफिश होते, तरी कप्तानानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले सरळ जाणारे मार्क ८ निवडले, कारण भरवसा त्यांच्यावर होता. बुडबुड्याचे समर्थक हा दाखला देतात आणि तो बिनतोड आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की काँकरर लक्ष्याच्या दीड किलोमीटरच्या आत पोचली होती आणि बेल्ग्रानोला तिचा पत्ताही नव्हता. आज तेवढं जवळ जाणं फार कमी कप्तानांच्या नशिबी येईल.

श्क्वालचा मला पटलेला एक वापर आहे, आणि तो वायरशीच जोडलेला आहे. शत्रूचा पाणतीर आपल्याकडे येतोय हे कळलं की तो ज्या दिशेनं आला त्या दिशेला श्क्वाल सोडून द्यायचा. लागला नाही तरी शत्रूच्या पाणबुडीला जीव वाचवायला जोरात वळावं लागेल आणि त्या वळणात तिची वायर तुटेल. सोडताना झालेल्या प्रचंड आवाजाची फिकीर नाही, कारण आपला ठावठिकाणा आधीच कळलेला आहे. म्हणजे अगदी शेवटच्या घटकेचं हत्यार. त्या घटकेला ते हाताशी असावं असं मलाही वाटतं. पण पाणबुडीचा रोजचा भरवसा त्यावर ठेवावा असं वाटत नाही.

हे लिहिताना आपली युद्धनौका खुकरी आठवल्याशिवाय राहत नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीनं तिला बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. सोनारच्या (आवाजावरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रणेच्या) प्रयोगासाठी खुकरीचा वेग कमी ठेवला होता, दूरचं ऐकू यावं म्हणून. आणि ज्यानं तिला गाठलं तो पाणतीरही वेगासाठी प्रसिद्ध नव्हता, तो आवाजामागे जाणारा होता. त्या रात्री दोन्ही बाजू ऐकण्याचाच प्रयत्न करत होत्या आणि ज्याला आधी ऐकू आलं तो वाचला. बोगद्यातल्या त्या भरून गेलेल्या पडद्यासमोर बसलेलो असताना माझ्या मनात हेच घोळत होतं, आणि बाजू बदलण्याचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला.

पुढच्या कामाचंही बघा. विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं केलेला वरुणास्त्र हा पाणतीर विजेवर चालतो आणि ध्वनीनं शोध घेतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांसाठी आधी इटलीचा ब्लॅक शार्क घ्यायचा होता. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये तो व्यवहार सोडून दिला गेला, आणि पुढे डिसेंबर २०१७ मध्ये कलवरी नौदलात आली. आता डीआरडीओचा विजेवर चालणारा जड पाणतीर या पाणबुड्यांवर बसवण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला आहे. बॅटरी, शांत मोटर, लांब पल्ला, खऱ्या जहाजाचा आवाज फसव्यापासून वेगळा काढणं, यातल्या प्रत्येकात एकेका माणसाचं आयुष्य जाईल एवढं काम पडलं आहे. मारीचाला ओळखणारा पाणतीर बनवणं मला बहिऱ्या पाणतिरापेक्षा अवघड वाटतं, आणि जास्त उपयोगाचंही.

तरी ज्याला द्रवगतिकी मनापासून आवडते, ज्याच्या हाताशी चांगला बोगदा दोन वर्षं आहे आणि ज्याला हत्यारापेक्षा त्या पोकळीचंच कोडं सोडवायचं आहे, त्यानं बुडबुडा जरूर घ्यावा. पोकळी मागे कशी मिटते, वळताना ती वाकडी झाली की काय होतं, हे प्रश्न सुंदर आहेत. बाकीच्यांना मी वायरकडे आणि कानाकडे वळवीन.

विषयाचा फॉर्म भरण्याआधी एवढं मात्र करा. जिथे बोगदा आहे तिथे परवानगी काढून जा, हेडफोन लावा. पाच मिनिटं बुडबुडा नसताना ऐका. मग त्यांना पंप वाढवायला सांगा आणि पोकळी उभी राहिल्यावर आणखी पाच मिनिटं ऐका.