स्टील व्हेंजन्स: सांगाडा लाकडी, रूळ पोलादी

अमेरिकेत ओहायोतल्या सेडर पॉइंट या मनोरंजन उद्यानाचा ‘मीन स्ट्रीक’ (1991) हा 161 फुटी लाकडी रोलर कोस्टर दिसायला भव्य, बसायला रटाळ होता. अशा कोस्टरचा रूळ म्हणजे लाकडी फळ्यांचे थर आणि वर पातळ पोलादी पट्टी. वळणांवर चाकं आपटतात, बोल्ट सैल होतात, हादरे वाढत जातात. त्यात पहिल्याच उतारावर ब्रेक लावलेला, म्हणजे वेगाचा जीवच गेला.

2016 मध्ये तो बंद झाला. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीने लाकडी सांगाडा बराचसा ठेवून त्यावर पोलादी ‘आय-बॉक्स’ रूळ बसवला, उंची 205 फुटांवर नेली आणि पहिला उतार थेट 90 अंशांचा केला. 2018 पासून धावणारा हा ‘स्टील व्हेंजन्स’ ताशी 74 मैल गाठतो आणि चार वेळा उलटा होतो.

खरी मजा उत्तरार्धात. गाडी सांगाड्याच्या आतून घुसते, खांब डोक्याजवळून जातात, प्रत्येक टेकाडावर अंग सीटवरून उचललं जातं. मधल्या ब्रेकवर मात्र लय तुटते, आणि मांडीवरचा दांडा काहींना चांगलाच रुततो. पाठ पूर्ण टेकूनच बसा. पहिल्या उतारासाठी शेवटची रांग घ्या, तिथे गाडी अक्षरशः खाली खेचते. मोबाइल आधीच लॉकरमध्ये ठेवा.