झोन मॉनिटरचा अलार्म: लॅचिंग घ्यावा की ऑटो-रीसेट?

किरणोत्सारी सोर्स ठेवायच्या खोलीसाठी झोन मॉनिटर, म्हणजे तिथलं रेडिएशन सतत मोजून ते वाढलं की हूटर वाजवणारं यंत्र, मागवताना कोटेशनमध्ये हा पर्याय असतो: लॅचिंग, म्हणजे कुणी रीसेट करेपर्यंत टिकणारा अलार्म, की ऑटो-रीसेट, म्हणजे आपोआप मिटणारा. खरेदी विभागाला त्यात काही विशेष वाटत नाही. बिघाड शोधायला ज्याला धावावं लागतं, त्याला मात्र फार फरक पडतो. कोरपना-राजुरा पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांत, सायक्लोन (गरम वायूतून भुकटी वेगळी करणारं शंकूसारखं भांडं) जाम झाला का हे बघणाऱ्या सीझियम-१३७ च्या गेजमुळे, मी दोन्ही प्रकार सांभाळले आहेत.

ऑटो-रीसेटची सोय खरी आहे. रीडिंग सेट पॉइंटच्या, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या, खाली आलं की हूटर गप्प. रात्रपाळीत कुणाला रीसेट दाबायला पळावं लागत नाही. जिथे सोर्सची ने-आण रोजचीच आहे, तिथे कुणी हाच घेतला तर माझी हरकत नाही.

माझं मत ठरलं ते पावसाळ्यातल्या एका त्रासाने. मॉनिटरमधल्या जीएम ट्यूबला, म्हणजे रेडिएशन पकडून पल्स देणाऱ्या गायगर-म्युलर नळीला, काहीशे व्होल्ट लागतात. कनेक्टरमध्ये ओल शिरली, त्यात सिमेंटची धूळ बसली, की तिथून करंट गळतो आणि खोटे पल्स मोजले जातात. हूटर वाजतो. शिडी घेऊन पोचेपर्यंत ऊन पडलेलं, कनेक्टर सुकलेला. ऑपरेटर सांगतो, "भाऊ, आत्ताच वाजून रायलं होतं, तुम्ही आले अन् बंद झालं." पॅनेलवर हिरवा दिवा, रीडिंग ०.१ मायक्रोसीव्हर्ट प्रति तास, म्हणजे नेहमीचंच. आता शोधायचं काय? त्याहून वाईट म्हणजे माणसं म्हणू लागतात, "ते तसंच वाजते." अलार्म खरा की खोटा हे दुसऱ्या सर्व्हे मीटरने बघितल्याशिवाय कुणीच ठरवू नये, पण रोज वाजून थांबणाऱ्या हूटरसाठी मीटर काढतो कोण?

लॅचिंगमध्ये लाल दिवा तसाच राहतो. कोणतं चॅनेल, हाय लेव्हल की डिटेक्टर फेल, हे समोर दिसतं. मग सप्लाय बंद करून नेमका तोच कनेक्टर उघडायचा, आयसोप्रोपिलने पुसायचा, नीट सुकवायचा. हाय व्होल्टेज मोजायला साधा मल्टिमीटर लावू नका. त्याच्या १० मेगाओमच्या लोडने व्होल्टेज खाली ओढलं जातं आणि चांगला सप्लायही खराब वाटतो. हाय-व्होल्टेज प्रोबच हवा.

हूटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचंही तसंच. त्याच्या डीसी कॉइलवरचा, स्पाइक दाबणारा डायोड उडाला असेल, तर रिले सुटताना उठणारा स्पाइक डिटेक्टरच्या केबलमध्ये शिरू शकतो. ऑटो-रीसेटमध्ये मग हूटर थांबतो-वाजतो, थांबतो-वाजतो, आणि दोष ट्यूबवर जातो. लॅचिंगमध्ये रीसेट दाबल्या क्षणीच अलार्म परत आला, तर मी आधी डायोड बघतो.

शिवाय रेडिएशन फारच वाढलं तर जीएम ट्यूब सॅच्युरेट होते, म्हणजे तिला वेगवेगळे पल्स देता येत नाहीत, आणि त्यापासून संरक्षण नसलेल्या सर्किटमध्ये रीडिंग उलट खाली येतं. अशा वेळी ऑटो-रीसेट गप्प बसू शकतो. एकदा पकडलेला अलार्म लॅचिंग सोडत नाही.

लॅचिंगला आमच्याकडे एक जाच आहे: लाइट गेली-आली की झटक्याने तो विनाकारण लॅच होतो. म्हणून यूपीएस हवाच. ऑर्डरमध्ये हूटर गप्प करायचं बटण वेगळं आणि दिव्याचा रीसेट वेगळा, किल्लीचा, असं लिहून घ्या. ती किल्ली शिफ्ट इनचार्जकडे ठेवा.