अलिबागजवळचं ख्रिस्ती युवा शिबिर: सोलापूरच्या सतरा मुलांसोबत चार दिवस

मे महिन्यात आमच्या संडे स्कूलची सतरा मुलं घेऊन गेले होते. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, मग भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, पुढे एसटी. चौदाजणांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. मोठं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव, एवढीच त्यांची ओळख.

सोय साधी. माडाच्या वाडीत पत्र्याचे दोन हॉल, लोखंडी खाटा. जेवण चांगलं, तांदळाची भाकरी मऊ. पण आमच्या पोरांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे उघडले आणि मुंबईच्या मुलांनी ते दोन दिवसांत संपवले! अंघोळीचं पाणी मात्र मचूळ, नळ चारच. मुलींना पहाटे रांग लावावी लागली. हे सुधारायलाच हवं.

तरी मी पुन्हा जाणार, ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी. ओहोटी लागल्यावर शिबिराच्या काकांनी मुलांना ओल्या वाळूत बसवलं आणि समुद्रकाठच्या या शिबिरांचं मूळ सांगितलं. १८६७ साली लंडनमध्ये जोसाया स्पायर्स यांनी मुलांसाठी वेगळ्या सभा सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वेल्सच्या किनाऱ्यावर, लँडिडनो गावी, त्यांनी वाळूत ‘देव प्रीती आहे’ असं लिहिलं आणि खेळणाऱ्या मुलांना ती अक्षरं शिंपल्या-गोट्यांनी सजवायला बोलावलं. त्याच कामातून १८७९ मध्ये रोजच्या बायबल वाचनाची कार्डं निघाली. माझ्या आजीच्या बायबलात तसलं एक पिवळं पडलेलं कार्ड असायचं. त्याची सुरुवात वाळूत झाली, हे मला पन्नाशीत कळलं.

मग आमची मुलं कामाला लागली. ‘प्री’ची वेलांटी सहावीतल्या एका मुलीने काळ्या गोट्यांची केली. एकेक गोटा फ्रॉकला पुसून लावत होती. संध्याकाळी भरती आली. “बाई, पुसलं की हो सगळं!” म्हणून तिचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच ती धावली, तर पाणी अजून वरच. ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे आम्हा सोलापूरकरांना कुठून ठाऊक असणार? म्हणून शिबिरवाल्यांना विनंती, पत्रकात भरती-ओहोटीच्या वेळा छापा.

तासभर ती गुडघाभर पाण्याकडे बघत बसून राहिली, ओच्यात गोटे घेऊन.