टिप्सचा स्टेंट निवडताना: बेअर की कव्हर्ड, ८ मिमी की १०?

सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कडक झालेल्या पेशंटला टिप्स (यकृताच्या आतून रक्ताला नवी वाट काढायची प्रक्रिया) करायचं ठरलं की नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून एस्टिमेटचा कागद हातात पडतो. त्यावर स्टेंटचा आकडा डोळ्यांत भरतो आणि घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साधा, म्हणजे बेअर, चालेल का? माझं मत स्पष्ट आहे. शक्य असेल तर कव्हर्डच, म्हणजे अस्तर असलेलाच घ्यावा. डॉक्टरांशी खरी चर्चा करायची ती रुंदीवर.

टिप्समध्ये मानेतल्या शिरेतून तार घालून यकृताच्या शिरेपर्यंत जातात आणि तिथून यकृताच्या आतूनच पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेत, वाट काढतात. ती वाट मिटू नये म्हणून स्टेंट. कडक झालेल्या यकृतामागे तुंबलेलं रक्त मग थेट हृदयाकडे जातं आणि पोर्टलमधला दाब उतरतो.

बेअर स्टेंट म्हणजे नुसती धातूची जाळी. तिच्या छिद्रांतून आत पेशी वाढतात आणि वाट अरुंद होत जाते. कव्हर्ड स्टेंटला यकृताच्या भागात पीटीएफई या प्लॅस्टिकचं अस्तर असतं. पोर्टल शिरेतलं टोक मात्र उघडं ठेवतात, म्हणजे यकृताकडे जाणारं रक्त अडत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ८० पेशंटांच्या चाचणीत साधारण दहा महिन्यांत कव्हर्डपैकी १३ टक्के बिघडले, बेअरपैकी ४४ टक्के. बेअर घेऊन वाचलेले पैसे पुन्हा अँजिओग्राफी आणि वाट रुंद करायचा फुगा यांत जाऊ शकतात, आणि वाट बंद झाल्याचं कधी कधी कळतं ते रक्ताची उलटी झाल्यावरच.

आता रुंदी. वाट जितकी मोठी, तितका दाब जास्त उतरतो. पण यकृताला वळसा घालून तितकंच जास्त, न गाळलेलं रक्त मेंदूकडे पोचतं. मग पेशंट बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. अन्ननलिकेतल्या किंवा जठरातल्या फुगलेल्या शिरांच्या रक्तस्रावासाठी टिप्स करायचं असेल तर ८ मिमी हा चांगला पर्याय: २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८ मिमीने रक्तस्राव १० मिमीइतकाच रोखला आणि मेंदूवरचा त्रास कमी झाला. औषधांना न जुमानणारं पोटातलं पाणी हे कारण असेल तर गणित बदलतं, तिथे ८ मिमी कधी कधी कमी पडतो.

इथे एक बारकावा आहे. १० मिमीचा जुन्या पद्धतीचा स्टेंट आत ८ पर्यंतच फुगवला, तरी पुढे तो आपोआप १० कडे पसरत जातो. ठरवलेल्या मापावर टिकणारे, गरज पडली तर नंतर वाढवता येणारे ८ ते १० मिमीचे कव्हर्ड स्टेंट आता मिळतात. वयस्कर पेशंट असेल किंवा आधी एकदा बरळणं झालं असेल, तर मी याबद्दल आग्रहाने विचारेन.

हृदय कमजोर असेल, फुप्फुसाच्या धमनीतला दाब फार वाढलेला असेल किंवा बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) खूप चढलेलं असेल, तर स्टेंट कुठलाही असो, टिप्सच धोक्याचं ठरतं. इको झाला का, हे आधी बघा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा, पण स्टेंटचा प्रकार आणि माप लेखी घेऊन जा.

कव्हर्ड स्टेंट टाकल्यावर पहिले काही दिवस डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) आतलं नीट दिसत नाही; अस्तरात अडकलेल्या हवेमुळे तसं होतं, घाबरू नका. आठवडाभराने केलेला डॉप्लर पुढच्या तुलनेसाठी जपून ठेवा.

घरी आल्यावर लॅक्टुलोज हे पोट साफ ठेवणारं औषध स्वतःहून बंद करू नका. डाळ, दूध, दही तोडू नका, प्रथिनं लागतात. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो. अंगातलं पाणी कमी झालं किंवा शौचाला साफ झालं नाही, तर मेंदूवरचा त्रास उसळतो. किती पाणी प्यायचं आणि लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्या किती, हे उन्हाळ्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बोलणं जड झालं किंवा पुढे धरलेले हात फडफडू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.